साने गुरुजींचे आमच्या घरावरील ऋण

(आपल्या शिंपी समाजाच्या वार्षिक संमेलनात, डिसेंबर २०२४ मध्ये, एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



'माझे आवडते लेखक' या विषयावर चार शब्द बोलावेत अशी आज्ञा आपल्या चिटणीसांनी मला केली, तेव्हा प्रथम मी नकारच दिला. मी साहित्यिक नव्हे, टीकाकारही नव्हे. छत्तीस वर्षे खेड्यापाड्यांतील शाळांतून मराठी शिकविले, एवढाच काय तो माझा साहित्याशी संबंध. तथापि या महिन्याच्या २४ तारखेस साने गुरुजींच्या जन्माला १२५ वर्षे पूर्ण होत आहेत. ज्यांच्या पुस्तकांनी आमच्या घराला वळण लावले, त्यांच्याविषयी अशा प्रसंगी मौन धरणे हा कृतघ्नपणा ठरेल असे वाटले, म्हणून आपल्यापुढे उभा आहे. गुरुजींच्या वाङ्मयाचे रसग्रहण करण्याचा माझा हेतू नाही. एका शिंप्याच्या घरात त्यांचे एक पुस्तक आले आणि पुढे काय घडले, एवढेच मी सांगणार आहे. त्यात काही गोष्टी आपल्या समाजाला आणि मलाही फारशा भूषणास्पद नाहीत. त्या सांगितल्याबद्दल आपण मला क्षमा कराल अशी आशा आहे.

तरुण मंडळींसाठी गुरुजींची थोडी ओळख करून देतो. पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात, दापोली तालुक्यातील पालगड या गावी झाला. दारिद्र्याशी झगडत त्यांनी शिक्षण पुरे केले आणि १९२४ साली ते आमच्या खानदेशात, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून आले. सुमारे सहा वर्षांनी, १९३० च्या सत्याग्रहाची हाक येताच, नोकरी सोडून ते देशकार्यात पडले. त्यानंतरचे त्यांचे आयुष्य बरेचसे कारागृहात गेले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर जी प्रवचने केली, ती आज आपल्याला वाचावयास मिळतात, कारण गुरुजींनी ती ऐकता ऐकता लिहून घेतली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत, त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. ते पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले.

आता आमच्या घराकडे वळतो. अमळनेर तालुक्यातील एका लहानशा गावी आमचे घर होते. घराच्या पुढल्या ओट्यावर माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, आपले शिवणाचे यंत्र मांडून बसत. यंत्र हप्त्याने घेतलेले होते, आणि महिनाअखेर जवळ आली की घरातील बोलणे कमी होई. अण्णा माळकरी होते. त्यांच्या हाताला मोठी कीर्ती होती. आसपासच्या पाचसात गावचे लोक अंगरखे, कोपऱ्या, पैरणी शिवावयास त्यांच्याकडे येत. कापड एकदा कातरले की पुन्हा जुळत नाही, म्हणून माप दोनदा घ्यावे, ही त्यांची शिस्त होती. माय त्यांच्या शेजारी बसून काजे आणि तुरपाई करी. तिला अक्षरओळख नव्हती.

१९५८ च्या पावसाळ्यात आमच्या शाळेतील गुरुजनांनी मला 'श्यामची आई' वाचावयास दिली. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. पहिली काही पाने वाचून होताच मी ती मायला वाचून दाखवू लागलो. पुस्तकाची रचना आपणांस ठाऊक आहेच. आश्रमातील मित्रांना श्याम रोज रात्री आपल्या आईची एकेक आठवण सांगतो, आणि अशा ४२ रात्रींत ते पुस्तक पुरे होते. आमच्या घरीही तसेच झाले. जेवणे उरकली की कंदिलाची वात वर होई, अण्णा राहिलेले काम पुढे घेत, माय सुईत दोरा ओवी, आणि मी एक रात्र वाची. एका बैठकीत एकाहून अधिक रात्री वाचू नयेत असे मायनेच ठरवून टाकले होते. "आज ऐकलेलं आज मुरू दे," असे ती म्हणे.

त्या वाचनाचा परिणाम कसा होत गेला ते पाहण्यासारखे आहे. 'मुकी फुले' ऐकल्यावर माझ्या धाकट्या बहिणीने परसातील जास्वंदीच्या कळ्या तोडणे सोडले. 'अळणी भाजी'त मीठ विसरलेली भाजी श्यामचे वडील मुकाट्याने, नाव न ठेवता खातात. ते ऐकून माय अण्णांकडे पाहून हसली, आणि अण्णा काज पाहण्याचे निमित्त करून खाली पाहू लागले. 'कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक' या रात्रीनंतर मात्र कोणी बोलले नाही. अण्णांनी हात लांब करून यंत्रावर आच्छादन घातले आणि कंदील मालविला. पुस्तकातील माणसे कोकणातील, ब्राह्मणांची, खोतांच्या घरची. आम्ही खानदेशातील, शिंप्याच्या घरचे. तरीही त्यांचे दुःख आम्हांला परके वाटले नाही. आपल्या घरातील गोष्ट पुस्तकात असू शकते, हे मला प्रथमच कळले. पुढे मी शिक्षक झालो त्याचे मूळ त्या जाणिवेत आहे.

परंतु या पुस्तकाने आमच्या घरात जे खरे परिवर्तन केले ते वेगळेच आहे, आणि ते सांगण्यापूर्वी एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. गावकुसाबाहेरील वस्तीतील गिऱ्हाइके अण्णांकडे येत, ती ओट्याखाली रस्त्यावर उभी राहत. कापड ओट्याच्या कडेवर ठेवीत. अण्णा त्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडून ते उचलीत. त्यांचे माप फितीने घेतले जात नसे. अण्णा एकदा मान वर करून पाहत आणि नजरेने अंदाज बांधून खडूची खूण करीत. जो मनुष्य इतरांचे माप दोनदा घेई, तो यांचे माप एकदाही घेत नसे. हे आमच्याच गावी चाले असे नव्हे. आज येथे बसलेल्या ज्येष्ठांपैकी अनेकांनी आपल्या बालपणी हे पाहिले असेल. २६ जानेवारी १९५० पासून अंमलात आलेल्या राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली होती. १९५५ साली ती पाळणे हा दंडनीय गुन्हा झाला होता. कायदा दिल्लीस झाला. आमच्या ओट्यापर्यंत तो पोहोचला नव्हता.

माझ्या वर्गात त्या वस्तीतील एक मुलगा होता. गणितात तो आम्हां सर्वांच्या पुढे असे. परंतु गुरुजींनी प्रश्न विचारला असता तो हात वर करीत नसे. एके दिवशी मी त्याला कारण विचारले. त्याने काही न बोलता हात थोडासा उचलून दाखविला. सदऱ्याचा मुंढा इतका तंग होता की हात खांद्यावर नेला तर शिवण उसवली असती. तो सदरा माझ्या वडिलांनी शिवलेला होता.

ही गोष्ट मी घरी सांगितली नाही. सांगण्याचे धैर्य नव्हते. पण ती मनात होती, आणि त्याच सुमारास वाचनात 'देवाला सारी प्रिय' ही रात्र आली. एका वृद्ध महार स्त्रीला आपली लाकडांची मोळी डोक्यावर घेता येत नाही. कोणी हात लावीत नाही. श्यामची आई श्यामला सांगते की तू जा, तिला मोळी उचलून दे, आणि मग आंघोळ करून घे. श्याम तसे करतो. एवढीच ती हकीकत. वाचताना माझा कंठ दाटून आला होता. मला वाटले, मायचेही डोळे भरून आले असतील. मी मान वर केली, तर ती सुई थांबवून विचारात पडलेली. थोड्या वेळाने तिने आमच्या अहिराणीत विचारले, "मंग आंघोय कसाले?"

मोळी उचलून दिली हे उत्तम झाले, मग त्यानंतर आंघोळ कशाकरिता? एका निरक्षर बाईचा हा प्रश्न होता. पुढे आयुष्यभरात त्या पुस्तकावरील अनेक लेख मी वाचले, भाषणे ऐकली. इतक्या थोड्या शब्दांत इतके मर्मावर बोट ठेवणारी दुसरी टीका माझ्या पाहण्यात नाही. मी उत्तर देऊ शकलो नाही. अण्णाही बोलले नाहीत. पण त्यांच्या हातातील काम थांबले होते, हे मला आठवते.

त्यानंतर एकदोन रात्रींच्या अंतराने 'बंधुप्रेमाची शिकवण' वाचली. शाळेसाठी परगावी राहणारा श्याम पैसे साठवून आपल्या धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो आणि भर पावसात तो घेऊन घरी जातो. शिवणाची गोष्ट निघाल्याने अण्णांचे कान टवकारले. "भाऊ गावी आणि हा शाळेच्या गावी, मग माप कशाचं दिलं असेल?" असा धंद्याचा प्रश्न त्यांनी केला. मग स्वतःशीच म्हणाले, "अंदाजानं शिवला असेल. पण भावाचा अंदाज." आणि गप्प झाले. ते काय विचार करीत होते हे त्या वयात मला कळले नाही. आज कळते असे वाटते. समोर नसलेल्या भावासाठी अंदाज बांधणे निराळे, आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला शिवावयाचे नाही म्हणून अंदाज बांधणे निराळे.

पुढच्या बाजाराच्या दिवशी माझ्या त्या वर्गमित्राचे वडील सदऱ्याचे कापड घेऊन आले. मुलगा सोबत होता. रीतीप्रमाणे ते रस्त्यावर उभे राहिले व कापड ओट्याच्या कडेवर ठेवले. अण्णा काही वेळ तसेच बसून राहिले. नंतर गळ्यातील फीत काढून हातात घेतली, ओट्यावरून खाली उतरले, आणि त्या मुलाच्या छातीभोवती फीत गुंडाळली. छाती, खांदा, बाही, गळा असे सारे माप त्यांनी घेतले. त्यानंतर, आपल्या शिस्तीप्रमाणे, ते पुन्हा एकदा घेतले. मुलाचे वडील हात जोडून "नको, नको" म्हणत होते. बाजाराची वर्दळ होती. पाहणारे पुष्कळ होते. अण्णांचा हात किंचित थरथरत होता, हे मी ओट्यावरून पाहिले. वर येऊन त्यांनी कापडावर पाणी न शिंपडता खडूने खूण केली.

श्रोतेहो, येथे ही कथा संपली असती तर फार गोड झाली असती. पण आयुष्य कथेप्रमाणे संपत नाही. गावातील काही मोठी गिऱ्हाइके तुटली. दिवाळीचे शिवण निम्म्यावर आले, आणि यंत्राचा हप्ता दोनदा चुकला. नंतर आपल्याच ज्ञातीच्या चार वडीलधाऱ्यांनी अण्णांना बोलावून घेतले. मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. बैठकीत अकरा रुपये दंड ठरला, आणि आषाढीस पंढरपूरला जाऊन चंद्रभागेत स्नान करून यावे असे प्रायश्चित्त सांगण्यात आले. मला वाटले, अण्णा आता काहीतरी बोलतील. परंतु ते एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी दंड भरला. त्या रात्री मी त्यांच्याशी बोललो नाही. श्यामच्या आईची गोष्ट ऐकूनही हे भ्याले, असे माझे बालमन म्हणत होते. माझ्या मोठ्या बहिणीचे लग्न त्या वर्षी ठरावयाचे होते, आणि ते याच चार घरांतून ठरावयाचे होते, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे. दंड भरल्यानंतरच्या पहिल्याच बाजारीही अण्णा फीत घेऊन ओट्याखाली उतरले, आणि पुढे हात चालेपर्यंत उतरत राहिले. त्यांनी दंड भरला, पण माप घेणे सोडले नाही. शौर्य या शब्दाचा हाही एक अर्थ असतो, हे समजावयास मला बरीच वर्षे लागली.

१९५९ च्या आषाढीस प्रायश्चित्तासाठी ते पंढरपूरला निघाले, आणि मला बरोबर घेतले. नामदेव महाराज हे आपल्या समाजाचे दैवत. महाद्वारातील नामदेव पायरीवर अण्णांनी डोके ठेवले आणि बराच वेळ उचलले नाही. मग उठून मला समोर नेले. तेथे चोखोबांची समाधी आहे. परंपरा सांगते की मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा तिच्याखाली गेले, तेव्हा स्वतः नामदेवांनी तेथे जाऊन त्यांच्या अस्थी आणल्या आणि या द्वाराशी समाधी दिली. भक्तांच्या चरणधुळीसाठी नामदेवांनी पायरीची जागा पत्करली, आणि सामोरी जागा आपल्या मित्राला दिली. पण त्यानंतर सहा शतके चोखोबांच्या ज्ञातीच्या भाविकांना तेथूनच हात जोडून परतावे लागे. आत जाण्याची त्यांना मनाई होती. अण्णांनी चोखोबांच्या समाधीवरही डोके ठेवले. उठल्यावर मला म्हणाले, "तू वाचतोस त्या पुस्तकाचे गुरुजी या गावी उपाशी बसले होते. त्यांच्यामुळे हे दार उघडलं."

'श्यामची आई' लिहिणारा आणि पंढरपूरचे दार उघडणारा माणूस एकच, हे मला त्या क्षणी कळले. मंदिरप्रवेशासाठी गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला होता, आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषण आरंभिले होते. विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले करण्याचे मान्य झाल्यावर ते सुटले. देश स्वतंत्र होण्यास तेव्हा तीन महिने उरले होते. अशा वेळी एका देवळाच्या दारासाठी प्राण पणाला लावणे अनेकांना अकालिक वाटले. गुरुजींना ते तसे वाटले नाही.

मायच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या महाद्वारात मिळाले. श्यामच्या आईने आपल्या काळात, आपल्या घरात, जेवढे पाऊल टाकता येत होते तेवढे टाकले. मोळी उचलावयास सांगितले, आंघोळ मात्र राहिली. मुलाने ती गोष्ट लिहिताना आंघोळ लपविली नाही, आणि आईला आहे त्याहून मोठे करून दाखविले नाही. पण तो तेथे थांबलाही नाही. आईने शिकविलेल्या पावलापुढचे पाऊल त्याने १९४७ साली पंढरपुरात टाकले. आईवर खरे प्रेम करणे म्हणजे तिच्या पावलाशी थांबणे नव्हे, हे मी गुरुजींपासून शिकलो. आणि अण्णांनी कापडावर पाणी शिंपडणे सोडले तेव्हा त्यांनीही, पुस्तक पुरते वाचता येत नसताना, ती आंघोळ टाकून दिली होती.

पुढे १९६० साली मी शिक्षणासाठी अमळनेरला गेलो. गुरुजी ज्या शाळेत शिकवीत त्याच शाळेत बसण्याचे भाग्य मला लाभले. छात्रालयातील मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत, त्यांचे कपडे धूत, असे जुनी मंडळी सांगत. त्यांची एकेक पुस्तके मी मिळवून वाचली. 'धडपडणारी मुले' वाचून शिक्षक होण्याचे ठरविले. 'भारतीय संस्कृती'च्या पहिल्याच प्रकरणात अद्वैत हे आपल्या संस्कृतीचे अधिष्ठान म्हणून मांडलेले आहे, आणि अद्वैत पोथीत ठेवून भेदाने वागणाऱ्यांना गुरुजींनी तेथे चांगलेच धारेवर धरले आहे. 'इस्लामी संस्कृती' वाचून शेजारच्या मोहल्ल्याकडे मी निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. तमिळ 'कुरल' त्यांनी मराठीत आणला, त्यावरून दक्षिणेतही आपल्यासारखीच माणसे राहतात हे कळले. भारतातील प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्या, हे त्यांचे आंतरभारतीचे स्वप्न होते. सुट्टीत घरी आलो म्हणजे मायसाठी 'स्त्रीजीवन' आणीत असे. खेड्यापाड्यांतील बायकांच्या ओठांवरील ओव्या गुरुजींनी त्यात गोळा केल्या आहेत. मी एक ओवी वाची, आणि माय तिला जोडून आपल्या दोन म्हणे. एकदा ती म्हणाली, "हे पुस्तक बायांनी लिहिलं, गुरुजींनी फक्त शाई दिली." गुरुजींना ते ऐकून आनंदच झाला असता.

याच काळात मला आणखी एक गोष्ट कळली, आणि तिने मी फार दिवस अस्वस्थ होतो. ११ जून १९५० रोजी गुरुजींनी स्वतःच आपले जीवन संपविले होते. ज्यांनी हजारो मुलांना जगण्याचे बळ दिले, त्यांना स्वतःला ते पुरले नाही. कोणी याला त्याग म्हणतो, कोणी दुबळेपणा म्हणतो. मला दोन्ही म्हणवत नाही. इतरांचे दुःख वाहणाऱ्या माणसाच्या खांद्यावरील ओझे उतरविणारेही कोणी असावे लागते, एवढेच त्यातून शिकावे. माझ्या वर्गात एखादे मूल अबोल झाले की मला गुरुजी आठवत, आणि मी त्याच्या शेजारी जाऊन बसत असे. गुरुजींचे लेखन रडके आहे, असे म्हणणारेही आहेत. डोळे वारंवार भरून येतात हे खरे. पण आमच्या घरी त्या पुस्तकावर अश्रू ढाळून कोणी स्वस्थ बसले नाही. माय प्रश्न विचारती झाली आणि अण्णा ओट्याखाली उतरले. म्हणून तो आक्षेप मला कधी फारसा पटला नाही.

आता माझ्याविषयी. येथवर मी आईवडिलांची थोरवी सांगितली. स्वतःची परीक्षा सांगितली नाही, तर हे भाषण खोटे ठरेल. १९७९ साली आपल्या समाजाच्या एका वसतिगृहाच्या समितीवर मी होतो. एका बौद्ध विद्यार्थ्याचा अर्ज आला. गुण उत्तम होते, गाव दूर होते, राहण्याची सोय नव्हती, आणि आपल्याकडे तीन जागा रिकाम्या होत्या. समितीत चर्चा झाली. कोणीही कटू शब्द उच्चारला नाही. "नियम समाजापुरते आहेत, आज एकाला घेतले तर उद्या सर्वांना घ्यावे लागेल," असे सौम्यपणे सांगण्यात आले, आणि अर्ज फाइलीत गेला. मी त्या सभेत होतो. 'श्यामची आई' दरवर्षी वर्गात शिकविणारा मी एक शब्दही बोललो नाही. मुलीचे लग्न वगैरे कसलीही अडचण मला नव्हती. केवळ चार परिचितांत वाईटपणा नको, एवढेच माझे कारण होते. अण्णा तेव्हा हयात होते. घरी येऊन मी त्यांना हे सांगितले. ते थकले होते, फारसे बोलत नसत. त्यांनी विचारले, "जागा होत्या ना?" मी होय म्हणालो. त्यावर त्यांनी कूस बदलली. अकरा रुपयांच्या दंडाच्या रात्री मी त्यांच्याशी बोललो नव्हतो. त्या रात्री ते माझ्याशी बोलले नाहीत. त्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले याची मी चौकशी केली नाही, आणि ही गोष्ट मला आजही टोचते.

बंधुभगिनींनो, आपले मंडळ एका ज्ञातीचे आहे. त्याने पुष्कळ चांगली कामे केली आहेत. गरीब मुलांना पुस्तके दिली, वधूवर मेळाव्यांतून हुंड्याला आळा घालण्याचा प्रयत्न केला, म्हाताऱ्यांच्या औषधपाण्याची सोय पाहिली. माझ्या शिक्षणाची दोन वर्षे अशाच एका शिष्यवृत्तीवर निभावली, हे मी विसरलो नाही. आपल्या माणसांना आधार देणे यात काहीच वावगे नाही. श्यामच्या आईनेही प्रथम आपल्याच घरातील मुलांना प्रेम करावयास शिकविले. परंतु ते प्रेम घरात शिकून घराबाहेर न्यावयाचे असते. ज्या समाजाचे दैवत महाद्वाराच्या पायरीवर चोखोबांच्या समोर आहे, त्या समाजाने आपल्या वसतिगृहाच्या दारात कोणाला थांबवून जात विचारावी, हे नामदेव महाराजांना शोभेल काय, याचा विचार आपण करावा.

म्हणून एक नम्र विनंती करतो. ठराव मांडण्याचा अधिकार मला नाही. मंडळाच्या वसतिगृहात दोन जागा अशा असाव्यात की त्यांच्या अर्जावर जातीचा रकाना नसेल. गरज आणि अभ्यास, एवढेच पाहिले जावे. गुरुजींच्या १२५ व्या जयंतीचे याहून चांगले स्मारक मला सुचत नाही. त्या दोन जागांचा पहिल्या वर्षाचा खर्च मी माझ्या निवृत्तिवेतनातून देईन. १९७९ साली जो शब्द उच्चारावयास हवा होता, तो पंचेचाळीस वर्षांनी आज उच्चारीत आहे. उशीर झाला आहे. तथापि आपण तो ऐकून घ्यावा.

माझ्या तरुण मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकजण आता शिवणाच्या धंद्यात नाहीत. कोणी अभियंते आहेत, कोणी डॉक्टर, कोणी परदेशी आहेत. तयार कपड्यांच्या या दिवसांत फीत हातात घेण्याचा प्रसंग तुम्हांस येणार नाही. पण माणसाचे माप दुरून घेण्याची खोड फितीबरोबर गेलेली नाही. नाव ऐकून, आडनाव ऐकून, वस्ती ऐकून आपण आजही नजरेने माप घेतो, आणि मग ज्याला ते बसत नाही त्याचा हात वर येत नाही. आपल्या मुलांना 'श्यामची आई' अवश्य वाचून दाखवा. एका रात्री एकच रात्र वाचा. आणि पंचविसाव्या रात्रीच्या आसपास मूल जर तुम्हांस विचारील, "मग आंघोळ कशाला?" तर त्याला गप्प बसवू नका. तो प्रश्न त्या पुस्तकाचाच आहे.

अण्णांची ती फीत आज माझ्याकडे आहे. तिच्यावरील आकडे पुसून गेले आहेत, त्यामुळे तिने आता कोणाचेही माप घेता येणार नाही. ती मी 'श्यामची आई'च्या माझ्या जुन्या प्रतीत खूण म्हणून ठेवली आहे.